अमोनिया प्रिंटपासून ए-झीरो पोस्टरपर्यंत : आमची वाटचाल

बडोद्यात कलाभवनाच्या आसपास छपाईचं दुकान टाकलं की गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात सुरू झालेली ही संस्था पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली. दादासाहेब फाळके फोटोग्राफी आणि छपाईच्या खटपटी इथेच शिकले, त्यामुळे या भागातल्या प्रेसवाल्यांना जरा ऐट असते. आम्हालाही आहे. आमची सुरुवात मात्र साध्या अमोनिया प्रिंटने झाली. ट्रेसिंग पेपरवरचं ड्रॉइंग डायझो कागदावर (उजेडाने बदलणारा लेप लावलेल्या) ठेवायचं, दोन्ही मिळून मशीनच्या दिव्यासमोरून काढायचे, मग नुसता कागद अमोनियाच्या वाफेतून न्यायचा. शाईच्या रेघेखाली उजेड पोचत नाही, तेवढीच रेघ निळी उमटते. वास गल्लीभर. पण या पद्धतीचा एक गुण होता : ट्रेसिंगवर जेवढं, तेवढंच कागदावर. माप चुकायची सोयच नव्हती.

पुढे झेरॉक्स आली, थिसिसचं बायंडिंग आलं (काळं किंवा मरून रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं), लग्नपत्रिका आल्या आणि गेल्या. फ्लेक्सचं मशीन आम्ही घेतलंच नाही. गरब्याचे आणि निवडणुकीचे बॅनर हा वेगळा धंदा आहे, लागतील तेव्हा बाहेरून काढून आणतो. ३६ इंची रोलचा प्लॉटर, म्हणजे मोठ्या मापाचा प्रिंटर, घेतला तो ऑटोकॅडच्या ड्रॉइंगसाठी. परिषदेत बोर्डावर लावायची संशोधनाची पोस्टरं त्याच्यामागून आली आणि आता जानेवारी ते मार्च दुकान त्यांच्यावरच चालतं. रामन परिणामाचा शोध १९२८ साली ज्या तारखेला लागला, ती २८ फेब्रुवारी ही तारीख १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिवस म्हणून पाळतात. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे मिठाईच्या दुकानात धनत्रयोदशीला असते तशी गर्दी असते.

प्लॉटर कुठलीही फाईल कुठल्याही मापात काढून देतो, आणि सगळ्या भानगडी तिथूनच सुरू झाल्या. म्हणून आता काउंटरवर पहिला प्रश्न फाईलचा नसतो. "बोर्ड केवढा आहे?" हा असतो.

ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, म्हणजे एक चौरस मीटर. तीन बाय चार फूट म्हणजे ९१४ बाय १२१९ मिलिमीटर. आकडे जवळजवळचे असल्यामुळे लोक दोन्ही एकच धरून चालतात. आयोजकांच्या पत्रकात ए-झीरो लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी मित्राला विचारून तीन बाय चार करून आणतो, किंवा याच्या उलट. पण प्रमाण वेगळं आहे : ए-झीरोची उंची रुंदीच्या १.४१४ पट, तीन बाय चारची १.३३ पट. एक दुसऱ्यात ताणून बसवलं की युनिव्हर्सिटीचा गोल लोगो लंबगोल होतो, पेट्री डिशही लंबगोल होते. प्रमाण राखून मोठं केलं तर ए-झीरो १२१९ उंचीला ८६२ रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना २६-२६ मिलिमीटर पांढरा पट्टा उरतो. आम्ही पट्टा ठेवतो. ताणून द्या म्हणणाऱ्याला एकदा समजावतो, तरी ऐकलं नाही तर तसं बिलावर लिहून घेतो.

उभं की आडवं, हेही आधी विचारावं लागतं. चार फूट रुंद आणि तीन फूट उंच बोर्डावर उभं ए-झीरो लावलं तर खालचे साडेसत्तावीस सेंटिमीटर हवेत लोंबतात. तिथे संदर्भ आणि आभार असतात, म्हणून काही जणांना त्याचं वाईटही वाटत नाही.

बिलाचंही आधीच बोलून घ्यावं. ए-झीरो म्हणजे १०.७६ चौरस फूट, पण ३६ इंची रोलवर बाजूचा ७३ मिलिमीटर कागद कापून टाकावा लागतो, तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो. म्हणून आकारणी रोलच्या पूर्ण रुंदीवर, सुमारे ११.७ चौरस फुटांची. हे ऑर्डर घेताना सांगितलं तर कुणी काही बोलत नाही. पोस्टर हातात देताना सांगितलं तर वाद होतो.

बहुतेक पोस्टरं पॉवरपॉइंटमध्ये केलेली असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त काम सुरू करण्याआधी, म्हणजे एकही अक्षर टाकण्याआधी, डिझाइनमध्ये जाऊन स्लाइड साइज ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर करून घ्यावी. नेहमीची स्लाइड १३.३३ इंच रुंद असते. तिच्यावर आडवं पोस्टर रचून ते आम्ही ४६.८ इंचांवर नेलं की सगळं साडेतीन पट मोठं होतं. अक्षरांना त्याचा त्रास नाही, ती कितीही फुगवली तरी कडा स्वच्छ राहतात. फोटोंचं तसं नाही. पॉवरपॉइंट फाईल सेव्ह करताना फोटो बारीक करून ठेवतं. समजा इंचाला २२० ठिपके राखले, तर साडेतीन पट केल्यावर ते ६३ होतात, आणि ६३ ला पेशींच्या कडांना पायऱ्या दिसतात. म्हणून ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली चित्रं कॉम्प्रेस न करण्याची खूण करून ठेवावी, तीही सुरुवातीलाच. एकदा बारीक झालेला फोटो परत मोठा होत नाही.

पॉवरपॉइंटची स्लाइड ५६ इंचांपुढे जात नाही. चार बाय सहा फुटांचं पोस्टर हवं असेल तर अर्ध्या मापात, ६१ बाय ९१.४ सेंटिमीटरवर करावं आणि फाईलच्या नावातच "अर्धं माप" लिहावं. छापताना ते २०० टक्क्यांवर काढायचं असतं. नाव न लिहिता पाठवलेली अर्धी फाईल गर्दीच्या दिवशी अर्धीच छापून निघू शकते.

फोटो पुरेल की नाही याचा हिशेब सोपा आहे. पोस्टरवर फोटो जितके इंच रुंद, त्याला १५० ने गुणा. ३० सेंटिमीटर रुंद फोटोला साधारण १,७७० पिक्सेल लागतात. १०० डीपीआयपर्यंत (इंचाला १०० ठिपके) चालवून घेता येतं, त्याखाली जेलचे पट्टे धुरकट दिसतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग जसाच्या तसा येतो. आणि आलेखाचा स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका. एक्सेलमधला आलेख एक्सेलमधूनच पेस्ट होतो, आर किंवा ओरिजिन या आलेखाच्या सॉफ्टवेअरमधून एसव्हीजी किंवा पीडीएफ काढता येते. मग अक्षाखालचे बारीक आकडेही ए-झीरोवर कोरल्यासारखे येतात. त्यातल्या रेघा मात्र एक पॉइंटपेक्षा बारीक ठेवू नयेत, लांबून दिसत नाहीत.

आता ज्या चुकीला आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो ती. सिम्बॉल नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये ग्रीक अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत : म्यू बसतो एमच्या जागी, अल्फा एच्या, बीटा बीच्या, कॅपिटल डेल्टा डीच्या. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसतं. फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली किंवा वाटेत कुणी सगळ्या मजकुराचा फॉन्ट एकदम बदलला की म्यूचा एम होतो आणि ५० मायक्रोग्रॅमचे ५० मिलिग्रॅम होतात. मात्रा हजार पट. स्पेलचेकला हे कळत नाही, कारण दोन्ही एककं बरोबरच आहेत. प्रूफ वाचणाऱ्याचीही नजर घसरते. ते कळतं ते परीक्षक बोर्डापुढे उभे राहून "उंदीर जगले का?" असं विचारतात तेव्हा. उपाय : ग्रीक अक्षरं एरिअल किंवा कॅलिब्री यांसारख्या साध्या युनिकोड फॉन्टमधूनच घालायची, आणि आम्हाला पीपीटी न देता आपल्याच लॅपटॉपवर केलेली पीडीएफ द्यायची, म्हणजे फॉन्ट फाईलच्या आत बसून येतो. तरीही छापण्याआधी आम्ही मटेरियल्स अँड मेथड्सच्या चौकटीतली एककं विद्यार्थ्याच्या फोनवरच्या फाईलशी ताडून पाहतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आर्ट्स फॅकल्टीकडून गुजराती आणि मराठी पोस्टरं येतात, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. हे बरं, कारण लगेच कळतं. युनिकोड मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत घेतला की होणारा बिघाड लबाड असतो : 'निष्कर्ष'मधला रफार सरकतो, 'उद्दिष्ट'मधली जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. बाकी ओळ ठीक दिसते, म्हणून डोळ्यांना पटकन सापडत नाही. आम्ही देवनागरी-गुजराती मजकूर पीडीएफमधूनच घेतो आणि छपाईआधी कर्व्ह करतो. एकदा कर्व्ह केल्यावर अक्षर हे चित्र होतं. शेवटच्या क्षणी "फक्त नावात एक काना वाढवा" म्हटलं तर परत पहिल्यापासून.

या सगळ्यावर स्वस्त तोड म्हणजे ए-फोर प्रूफ. ए-झीरो आणि ए-फोर यांचं प्रमाण एकच आणि लांबी बरोबर चौपट, त्यामुळे ए-फोर हातात ३५ सेंटिमीटरवर धरलं की जे दिसतं तेच ए-झीरो १.४ मीटरवरून दिसणार. पोस्टरवरची २४ पॉइंट अक्षरं प्रूफवर ६ पॉइंट होतात. ती वाचता येत नसतील तर सभागृहातही येणार नाहीत. मजकूर २८ ते ३२, उपशीर्षकं ४८ च्या आसपास, शीर्षक ९० च्या वर, असं आम्ही सुचवतो. मजकूर मावत नाही म्हणून २० वर आणणाऱ्याला उत्तर एकच : मजकूर कमी करा. प्रूफवर सही घेतल्याशिवाय रोल फिरत नाही.

रंगांबाबत गैरसमज फार. स्क्रीनचा रंग उजेडाचा असतो, कागदाचा शाईचा. फ्लुरोसंट मायक्रोस्कोपचा चमकता हिरवा कुठल्याच शाईत पूर्ण येत नाही, आणि स्क्रीनवरचा गडद निळा कागदावर जांभळ्याकडे झुकतो. सगळी पार्श्वभूमी गडद ठेवणाऱ्यांना आम्ही परतवू पाहतो. शाई भरपूर पडते, कागद ओल धरून लहरतो, आणि एखादं नोझल (शाईचं बारीक छिद्र) जरा जरी तुंबलं तरी तिथे आडवा पट्टा दिसतो. पांढऱ्यावर तोच दोष झाकून जातो. नोझल चेक रोज सकाळी करतो, गडद काम असेल तर त्याच्या आधी पुन्हा.

कागद म्हणाल तर १८० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला ग्रॅम) मॅट कोटेड. ग्लॉसी फोटो पेपर दुकानात सुंदर दिसतो, पण हॉलमधल्या ट्यूबलाइटची रेघ नेमकी निष्कर्षांवर पडते. फ्लेक्स स्वस्त आणि पाण्याला दाद देत नाही, पण त्याची वीण आणि मोठ्या मशीनचे थेंब यामुळे बारीक अक्षरांच्या कडा विरतात. स्टँडवर ठेवायचं असेल तर व्हिनाइल काढून ३ किंवा ५ मिलिमीटर सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) लावतो. विमानाने जाणाऱ्यांसाठी हल्ली कापडी पोस्टर : पॉलिएस्टरवर उष्णतेने रंग चढवतात, घडी करून बॅगेत जातं. ते बाहेरून करून आणावं लागतं, एक दिवस जास्त धरावा. काळा रंगही कागदावर येतो तेवढा गडद येत नाही.

लॅमिनेशनला घाई चालत नाही. सॉल्व्हंट शाईचं व्हिनाइल चोवीस तास उघडं ठेवतो. लगेच फिल्म चढवली की आतली वाफ कोंडते आणि दुसऱ्या दिवशी फुगे येतात. पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी असो नसो, हवा ओली असतेच, तेव्हा साध्या कागदालाही जास्त वेळ देतो. जानेवारीत अडचण वेगळी : उत्तरायणाचे १४ आणि १५ हे दोन्ही दिवस बडोद्यात सगळे गच्चीवर. १६ तारखेचा कार्यक्रम असेल तर फाईल १२ च्या आत पाहिजे, "चालशे ने?" म्हणून भागत नाही.

नेताना छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळावं आणि वर बटर पेपर लावावा. असं गुंडाळलेलं पोस्टर उलगडल्यावर कडा बोर्डाकडे वळतात, आत गुंडाळलेल्याच्या कडा पुढे येतात आणि पिना उपटतात. लॅमिनेट केलेलं तीन इंचांपेक्षा बारीक नळीत कोंबू नये. सनबोर्ड टू-व्हीलरवर नेऊ नये, सयाजीगंजच्या पुलावरचा वारा तो मधोमध मोडतो.

क्यूआर कोड घालतात त्यांच्यासाठी : कोडच्या रुंदीच्या साधारण दहा पट अंतरावरून तो वाचला जातो, म्हणून ५ सेंटिमीटर तरी हवा, भोवती पांढरी मोकळी जागाही. लिंक ड्राइव्हची असेल तर ती सगळ्यांना उघडते का हे दुसऱ्याच्या फोनवरून पाहावं. स्वतःच्या फोनवर उघडतेच. परक्याला परवानगी मागण्याचं पान दिसतं.

सध्या ४४ इंची प्लॉटरचा विचार चालू आहे. ३६ इंची रोलवर मशीन दोन्ही कडांना पाचेक मिलिमीटर सोडतं, त्यामुळे कडेपर्यंत रंग असलेलं तीन बाय चार पूर्ण निघत नाही. ४४ वर काढून कापता येईल. तो येईपर्यंत तीन बाय चारवाल्यांनी चारी बाजूंना १० मिलिमीटर पांढरं सोडून फाईल द्यावी.