सिझरच्या बाळाच्या पोटात नेमकं काय वेगळं असतं?

"सिझरचं बाळ म्हणजे इम्युनिटी कायमची कमी" असलं काहीतरी फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टाकतं आणि टाके दुखत असलेली, धड उठूनही न बसता येणारी बाळंतीण ते वाचून रडत बसते. आमच्या घरात वहिनीचं हेच झालं, मला अजून राग येतो त्याचा. कारण यात थोडं खरं आहे आणि बरंच काही आईला उगाच दोषी ठरवणारं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

खरं काय, तर नॉर्मल आणि सिझरच्या बाळांच्या पोटातले बॅक्टेरिया सुरुवातीला वेगळे असतात, इम्युनिटीची सगळी चर्चा त्यावरूनच होते. २०१० मध्ये व्हेनेझुएलात जन्मलेल्या फक्त १० बाळांवर एक अभ्यास झाला, त्यात नॉर्मलवाल्या बाळांवर आईच्या योनीमार्गातले बॅक्टेरिया सापडले आणि सिझरवाल्यांवर त्वचेवर असतात तसले. मग कल्पना निघाली की आईच्या योनीत ठेवलेला गॉझ (जाळीदार कापडाचा तुकडा) सिझरच्या बाळाच्या अंगातोंडाला पुसायचा. २०१६ मध्ये ४ बाळांवर करून बघितलं, त्याची जगभर बातमी झाली आणि लोक डॉक्टरांकडे तेच मागायला लागले. पण आईला हर्पिस (एक विषाणू) किंवा ग्रुप बी स्ट्रेप (एक बॅक्टेरिया) यांचं इन्फेक्शन असेल तर तेही बाळाला जाणार ना, म्हणून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की संशोधनाबाहेर हे करू नका.

आणि २०१९ मध्ये ब्रिटनमधून मोठा अभ्यास आला, ५९६ बाळं, त्यांच्या शीचे नमुने. त्यात दिसलं की बाळाच्या पोटात जाऊन टिकतात ते मुख्यतः आईच्या आतड्यातले बॅक्टेरिया, योनीतले नाहीत! नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचं डोकं बाहेर येतं तेव्हा आईच्या शीचा थोडा तरी संपर्क होतोच, आपल्याला किळस वाटली तरी बाळाच्या कामाचं तेच. सिझरच्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइडीस हा गट जवळजवळ नसतोच, त्याऐवजी एन्टरोकॉकस, क्लेबसिएला असे हॉस्पिटलमध्ये आढळणारे जास्त. आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, ६ ते ९ महिन्यांपर्यंत हा फरक बराचसा भरून निघालेला होता, बॅक्टेरॉइडीस मात्र तेव्हाही कमीच होते. म्हणजे "कायमची" वगैरे म्हणायला आधार नाही. दमा, ॲलर्जीचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, पण सिझर ज्या कारणाने झालं ते कारण, आईचं वजन, अंगावरचं दूध किती मिळालं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं, एकट्या बॅक्टेरियावर बोट ठेवता येत नाही.

सिझरच्या आधी आईला अँटिबायोटिक देतात त्याचाही थोडा हात असतो. पण ते नको म्हणू नका हं, जखमेत इन्फेक्शन होऊ नये म्हणून ते लागतंच.

मग हातात काय आहे? दूध! आईच्या दुधात काही साखरी अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत, त्या बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या बॅक्टेरियांसाठी असतात, हे मला दरवेळी वाचताना थक्क करतं. आणि नेमकं सिझरमध्ये हेच लांबतं. आई ऑपरेशन थिएटरमध्ये, मग रिकव्हरी रूममध्ये, बाळ बाहेर नातेवाईकांकडे, आणि कोणीतरी म्हणतं की हिला अजून दूध आलेलं नाही, वरचं द्या. एनएफएचएस-५ या २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने होतात आणि पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं देशात ४१.८ टक्केच. मला वाटतं ग्रुपवर बोलायचंच असेल तर या दुसऱ्या आकड्याबद्दल बोला.

आज्यांना हात जोडून विनंती, मध चाटवू नका. प्रेमानेच चाटवतात, माहितीये, पण मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे बीजाणू असू शकतात आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. प्रोबायोटिक (चांगल्या बॅक्टेरियांचे) ड्रॉप्सही मनाने आणू नका. ओडिशात ४,५०० हून जास्त नवजात बाळांवर झालेल्या, २०१७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एक खास लॅक्टोबॅसिलस बॅक्टेरिया आणि सोबत त्याला पोसणारी एक साखर दिल्याने रक्तातलं इन्फेक्शन खूप कमी झालं, फारच आशा वाटावी असं काम आहे ते, पण ती अंगावर पिणारी, चांगल्या वजनाची बाळं होती आणि दुकानातल्या बाटलीत तोच बॅक्टेरिया असेल असं नाही.

सिझर ठरलेलं असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की आईबाळ दोघं ठीक असतील तर टेबलवरच बाळ छातीवर देणार का. कमरेत इंजेक्शन देऊन सिझर झालं असेल तर आई जागीच असते, पाजू शकते, फक्त बाळ धरायला कोणीतरी लागतं. पोटावर वजन नको म्हणून आईने कुशीवर झोपून किंवा बाळ काखेखाली घेऊन पाजायचं, सिस्टरला दाखवायला सांगायचं. आणि बाळ ओढत नसेल तर चीक हाताने वाटीत काढून चमच्याने द्यायचा, पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दोन चमचे निघाला तरी घाबरू नका, बाळाला तेव्हा तेवढंच पुरतं.