त्रिज्येतली दोरी

वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या, हे शाळेपासून पाठ. पण त्यात तीन काय आहे?

त्यासाठी धनुष्य आठवावं लागतं. वर्तुळाचा वाकलेला तुकडा म्हणजे चाप, त्याची टोकं जोडणारी दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंत शर, म्हणजे बाण. जीवा आपल्या पाठ्यपुस्तकांत टिकली. चाप मात्र जाऊन तिथे ‘कंस’ बसला, ज्याला बेरीज-वजाबाकीत आधीच काम होतं!

आकडेमोडीला लागते अर्धी दोरी, अर्धज्या; आजचं साइन (sin) तिच्यावरूनच. बोलता बोलता ‘अर्ध’ गळलं आणि घोळ सुरू झाला. 10 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात 30 अंशांचा कोन काढून टोकं जोडली, तर दोरी 5.18 सेंमी भरते; हवी असते 5, कारण sin 30 म्हणजे त्रिज्येचा अर्धा भाग. चूक एवढीच, की मोजली ती पूर्ण दोरी. कोन दुप्पट, 60 अंशांचा करायचा. दोरी 10 येते, तिची निम्मी 5.

आता ‘त्रि’. एक रास 30 अंशांची, तीन राशी 90 अंशांच्या. ते दुप्पट केले की 180, दोरी म्हणजे अख्खा व्यास, आणि तिची निम्मी थेट केंद्रापासून परिघापर्यंत पोचते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. आर्यभटाने इ.स. 499च्या सुमारास ज्या न देता त्यांच्यातले 24 फरक दिले, दर पावणेचार अंशांना एक: 225, 224, 222, 219… शेवटचा 7. पहिले आठ मिळवले की 30 अंशांची ज्या, 1,719. सगळे मिळवले की बरोबर दुप्पट, 3,438. हीच त्रिज्या, परिघ 21,600 कलांचा (एका अंशाच्या 60 कला) धरला तर.

‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाली. तिथे स्वर सहसा लिहीत नाहीत, उरले ज आणि ब. बाराव्या शतकातल्या लॅटिन अनुवादकांनी ते ‘जैब’ वाचलं, म्हणजे कपड्याची छातीवरची घडी. हिंदीतली ‘जेब’ तीच. घडीला लॅटिनमध्ये ‘सायनस’, त्याचं इंग्रजीत साइन. कॉसचा ‘को’ मात्र कोटिज्येतला (कॉसचं संस्कृत नाव) नव्हे, तशी समजूत कितीही गोड असली तरी. तो कोटिकोनासाठीच्या लॅटिन शब्दाचा आहे.

सर्दीत नाकाशेजारी ठणकतं ते सायनसही त्याच घडीचं.