बोर्डाचा आवाज बंद

मागच्या जूनमध्ये आमच्या संगीताच्या खोलीत इंटरॲक्टिव्ह बोर्ड बसला. शाळा कोथरूडमधली, मराठी माध्यमाची. मी पहिली ते चौथीला गाणं शिकवते. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना बोर्डावर तबला वाजवायला दिला. बोट टेकवलं की बोल वाजतो. मुलं हरखली, पण ताल काही जमेना. बोट पडतं आणि आवाज किंचित मागून येतो. एकटं वाजवताना कळत नाही, पस्तीस मुलं टाळी देत असली की लगेच कळतं. मुलं आवाजासाठी थांबायला लागली आणि लय मागे मागे सरकत गेली. ही पुण्याची मुलं आहेत, गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशाचा सराव ऐकत वाढलेली. त्यांच्या अंगात ठेका असतो, आणि तो मी मोडत होते.

तेव्हापासून बोर्डाचा आवाज बंद. शिवाय तयार ॲपमधला गांधार (ग) बारा सारख्या भागांच्या सप्तकातला, तानपुऱ्याच्या षड्जातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंटनी चढा (सेंट म्हणजे त्या सप्तकातल्या एका भागाचा शंभरावा हिस्सा). (पेटीचंही तेच, म्हणून गांधार मी तानपुऱ्यावर गाऊनच देते.)

डोळ्यांना दाखवायचं असेल तर मात्र बोर्डासारखं साधन नाही. तीनतालाच्या १६ मात्रा, समेला म्हणजे पहिल्या मात्रेला फुली, पाचवीला २, नववीला शून्य (इथे टाळी नाही), तेरावीला ३, हे मी वर्षानुवर्षं खडूनं लिहीत आले आणि मुलं ते उतरवून घेत आली. आता प्रत्येक बोल सुटा ठेवते आणि तिसरा विभाग रिकामा सोडते. तिसरीतला एक मुलगा पुढे आला. पहिल्या विभागातले ‘धा धिं धिं धा’ त्यानं तसेच ओढून रिकाम्या जागी नेले आणि हातानं ताल देत म्हणायला लागला. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात उलटा पडला. तो थांबला, पुन्हा समेपासून म्हणाला, पुन्हा तिथेच थांबला. मग म्हणाला, “बाई, इथे डग्गा गप्प बसतो ना?” डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा, घुमणारा; ‘धा-धिं’मध्ये तो वाजतो, ‘तिं-ता’मध्ये नाही. ‘धा’ तसाच ठेवून पुढचे तीन बोल त्यानं बाजूला केले आणि ‘तिं तिं ता’ आणून बसवले. डग्गा परत कुठे येतो, हे विचारायच्या आत त्यानं चौदाव्या मात्रेवरच्या ‘धिं’वर बोट ठेवलं.

भूप रागाचं तर मला स्वतःलाच नव्यानं दिसलं. फळ्यावर मी स्वरांची शिडी काढायची, सगळ्या पायऱ्या सारख्या. मग गांधारावरून पंचमावर जाताना अर्धा वर्ग मध्यमात (म) घसरायचा, जो भूपात नाहीच. आता पाच स्वर आणि वरचा सा असे सहा ठिपके खऱ्या अंतरानं मांडते. सा-रे, रे-ग आणि प-ध जवळ, ग-प आणि ध ते वरचा सा लांब. मुलं गातात तेव्हा एकानं ठिपक्यांवरून बोट फिरवायचं.

दुसरीत एक मुलगी आहे, वर्षभर तिनं वर्गात तोंड उघडलेलं नाही. गेल्या मंगळवारी बोट फिरवायला तीच उठली. चवड्यांवर उभी राहिली तरी वरच्या सा पर्यंत हात पुरेना, म्हणून मी सगळे ठिपके खाली ओढले. वर्ग गात होता. तिचे ओठ हलत होते का, ते पाठमोरं दिसलं नाही. पण तिचं बोट मध्ये कुठेही न टेकता गांधारावरून थेट पंचमावर पडत होतं, वर्गाच्याही किंचित आधी.