तीनबोटी: पकड जमली, मान बाकी

मंडळी, लटकला! म्हणजे मी बनवत असलेला तीनबोटी स्लॉथ, झाडाला उलटा लटकणाऱ्या त्या संथ प्राण्याचं अर्ध्या मापाचं मॉडेल. चारही पंजांवर, सागाच्या वाळक्या फांदीला, कुठेही बांधून न ठेवता. मागच्या फोटोत तुम्ही हेरलेली ती बारीक तार कायमची काढली.

एवढे दिवस अडलं होतं ते पंजापाशी. एम-सीलची घट्ट बोटं केली, तर वजन आलं की नखाच्या मुळाशी तडा. आत जाड तार घातली, तर ती हळूहळू उलगडायची. त्यात नागपूरचा मे. टिनाखालच्या खोलीत ग्लू गनचे सांधे दुपारी मऊ पडतात आणि संध्याकाळी पाहावं तर गडी एका हातावर. तारेची जाडी वाढव, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण तार जाड झाली की बोट जाडावतं, आणि जाड बोटांचा स्लॉथ थेट अस्वल दिसतो.

उत्तर प्राण्यातच होतं. त्याच्या मापाच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा स्लॉथच्या अंगात स्नायू बरेच कमी. तरी तासन्‌तास लटकतो, कारण पंजा मिटलेला असणं हाच त्याचा आराम. जोर लागतो तो सोडताना. मेलेले स्लॉथसुद्धा कधी कधी फांदीलाच लटकलेले सापडतात. मग ताकद बोटात कशाला भरायची? वजनालाच कामाला लावलं. बोटांना सुटे सांधे, आतल्या बाजूने तंगूस (मासे धरायच्या गळाची दोरी), आणि तिन्ही बोटांची तंगूस मनगटातून थेट धडाच्या सांगाड्याला. धड खाली ओढतं, बोटं मिटतात. खऱ्या पंजात बोटं नखांपर्यंत एकाच कातडीत असतात, म्हणून मीही ती एकत्र गुंडाळली. त्यानंतर वाकडंतिकडं वळणं थांबलं.

(नायलॉन मांजा चालेल का, हे विचारूच नका. बंदी आहे, शिवाय सांध्याची कडा कापतो.)

खरा साधारण ४ किलोचा, म्हणजे अर्ध्या मापात (लांबी, रुंदी, उंची तिन्ही निम्मी) आठवा हिस्सा, ५०० ग्रॅम. पण भरलेलं जठर वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जातं. म्हणून पोटात रेतीची काढता येणारी पुरचुंडी ठेवली. रिकाम्या पोटी पकड किंचित ढिली वाटते. मागच्या पायांची तंगूस अजून ताणावी लागेल.

केसांचं म्हणाल तर ऑनलाइन आलेली कृत्रिम फर पडूनच आहे, फार चकचकीत. इतवारी बाजारातला ताग तिच्यापेक्षा शंभरपट बरा, राठ आणि मळकट. छातीपर्यंत लावून झाला. दिशा लक्षात ठेवा: भांग पोटावर, केस पाठीकडे. उलटं लटकणाऱ्याच्या अंगावरून पावसाचं पाणी तसंच निथळतं.

हिरवा रंग एअरब्रशने मारणार होतो. पण हे लिहिता लिहिता नजर कूलरकडे गेली. तीनबोटीच्या केसांना आडव्या भेगा असतात, त्यात पाणी धरून शेवाळ वाढतं. तागही पाणी धरतो, आणि कूलरच्या टाकीत शेवाळाला तोटा नाही. तर एअरब्रश लांबणीवर. आधी तागाचा एक सुटा झुपका जाळीला बांधून बघतो, कुजून वास सुटला तर तिथेच थांबेन.

आता मान. तिच्यात बहुधा ९ मणके, आपल्यापेक्षा दोन जास्त, त्यामुळे डोकं २७० अंशांपर्यंत फिरतं. लाकडी मणी ओवावेत की टेबललॅम्पची लवचिक नळी कापावी? नळी वळवून सोडली की थोडी मागे येते, म्हणून माझा कल मण्यांकडे. कोणी केलं असेल तर दोऱ्याचा ताण किती ठेवला ते सांगा.