उसाचा रस आणि बायपासचं पोट

सोलापूरचा उन्हाळा, चौकाचौकात रसवंती. आज ओपीडीत वजन कमी करायला पोटाचं बायपास ऑपरेशन (हृदयाचं नव्हे) झालेल्यांची तीच तक्रार: रस प्यायला की पंधरा-वीस मिनिटांत पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब. हे डम्पिंग. गोड थेट लहान आतड्यात उतरतं आणि रक्तातलं पाणी आत ओढतं. एक ते तीन तासांनी थरथर, भोवळ आली तर बहुधा साखर खाली गेलेली असते, ग्लुकोमीटरवर बघा.

कडक भाकरी आमटीत चुरून ओरपायची सवयही सोडावी लागते (इथे हेच सगळ्यात जड जातं!). आधी घट्ट, चावून. पातळ अर्ध्या तासाने.

उलट्या थांबतच नसतील तर नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. आधी थायमिन, म्हणजे बी-१. ते कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. ऑपरेशन झाल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा.

उजव्या बरगडीखाली दुखलं तर पित्ताचे खडे तपासा. पण बेंबीभोवती पिळवटून कळ आली, मग ऑपरेशनला वर्षं का झाली असेनात, आतडं आत अडकलेलं असू शकतं. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी त्याच दिवशी सर्जनला गाठा, सीटी स्कॅन लागेल.

आणि मेडिकलमधून परस्पर ब्रुफेन, डायक्लो या दुखण्यावरच्या गोळ्या नको. तंबाखूही नको. पोट आणि आतडं जिथे जोडलंय, त्या जोडाजवळ अल्सर होतो.