टाकाऊ आणायचं कुठून?

गणपतीत चौथ्या-पाचव्या दिवशी चाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसायचं : ‘टाकाऊतून टिकाऊ स्पर्धा. वय वर्षे १४ पर्यंत. विकतची वस्तू आढळल्यास बाद.’ फळा वाचून आम्ही जिने धडधडत घरी पळायचो आणि पहिली अडचण तिथेच उभी राहायची. लालबागच्या त्या एका खोलीत टाकाऊ असं काही नसायचंच.

रद्दी रद्दीवाल्याची, बाटल्या बाटलीवाल्याच्या. आईची साडी विरली की तिची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं आणि त्याच्याही चिंध्या झाल्या की स्टोव्ह पुसायला. करवंटी मागितली तर आई म्हणायची, “बंबात काय घालू मग, तुझी कलाकुसर?” परवा भाचीच्या शाळेने याच विषयावर वस्तू करून आणायला सांगितली, तर आम्ही आइस्क्रीमच्या शंभर काड्या ऑनलाइन मागवल्या. कोऱ्या करकरीत. आईने बघितलं, बोलली काही नाही.

तरी कुठून कुठून वस्तू जमायच्या. रिकाम्या काडेपेट्या एकमेकींना चिकटवून त्यांचं खणांचं कपाट, खणाला मूठ म्हणून शर्टाचं बटण. लग्नपत्रिकेवरचा गणपती कापून पुठ्ठ्यावर. चिकटवायला मैद्याची खळ. तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायला विसरलं तर रात्रीत झुरळं कपाटाचे कोपरे खाऊन जायची. आमच्या शेजारच्या दादाचं घर असंच स्पर्धेच्या सकाळी छपराविना निघालं. ‘धाबं आहे’ म्हणून त्याने ते तसंच मांडलं.

१९८२ची स्पर्धा मात्र जास्त लक्षात आहे. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, गणपती आले तरी मिटायचं नाव नव्हतं. वर्गणी आटलेली, मखराला घरोघरच्या साड्या. यंदा स्पर्धा राहू दे, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. सेक्रेटरीकाका म्हणाले, “हिला कुठे पैसे लागतात? हीच होऊ दे.”

मला तोरण करायचं होतं आणि माझा डोळा आरेच्या दुधाच्या झाकणांवर होता. बाटली केंद्रावर परत द्यावी लागे, पण वरचं चंदेरी झाकण आपलं. आमच्याकडे तेव्हा दूधच कमी केलेलं, म्हणून मी रोज सकाळी गॅलरीतून दारोदार फिरून झाकणं मागायची. आधी सोड्याच्या पाण्यात घालायची, नाहीतर नासक्या दुधाचा वास जात नाही. मग पाटावर ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. चुण्या जातात आणि झाकणाची चकती होते. जरा जोर जास्त झाला की टरकन फाटते. ती दोऱ्यावर ठेवून मधोमध दुमडली, कडा नखाने दाबली की झाली चंद्रकोर. अशा दीडशेच्या वर चंद्रकोरी केल्या.

दोरा म्हणजे पुड्यांचा सोडवून ठेवलेला, तुकड्यातुकड्यांचा. माझ्या गाठी सुटायच्या. बाबा साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे; संपामुळे ते दिवसभर घरीच, भिंतीला टेकून बसलेले. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “आण इकडे.” दोन टोकं बोटांत धरली, काहीतरी केलं आणि गाठ बसली. इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागेना. “साच्यावर धागा तुटला की अशी मारायची,” म्हणाले. मला ती दहा-बारा वेळा करून दाखवली. त्या आठ महिन्यांत त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

नंबर दुसरा आला. पहिला आला त्या देवळाचा थर्माकोल दुकानातून आणलेला होता, हे मी आजही सांगेन. पण परीक्षकांना ते दिसलं नाही. बक्षीस दोन पेन्सिली आणि एक खोडरबर.

विसर्जनानंतर तोरण घरी आलं. पुढच्या उन्हाळ्यात आईने ते गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांवर आडवं बांधलं. वाऱ्याने चकाकायचं, कावळा फिरकायचा नाही. तीन उन्हाळे टिकलं. झाकणं एकेक करून गळाली, गाठ एकही सुटली नाही.