आमची वाटचाल : एका ताईच्या दोन ड्युट्या

गुमास्त्याचा, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचा, अर्ज भरायला बसले तेव्हा ‘व्यवसायाचे स्वरूप’ या रकान्यात काय लिहावं तेच सुचेना. नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात मी अकरा वर्षं स्टाफ नर्स होते. डिस्चार्ज होऊन घरी गेलेल्या आजी-आजोबांच्या घरून मला फोन यायचे. सिस्टर, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) निघाली. सिस्टर, कंबरेखाली लाल झालंय, काय लावू? मुलं पुण्यात, बंगळुरूत, कुणाची थेट अमेरिकेत. त्या फोनांमधूनच ज्येष्ठांना घरी सेवा देण्याचं हे काम सुरू झालं. मानेवाड्यात दोन खोल्या घेतल्या. सोबत तीन ताया, म्हणजे घरी जाऊन सेवा करणाऱ्या बाया. अर्ज भरून देणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, मनुष्यबळ पुरवठा टाकून देतो ना.” मी हो म्हटलं. त्या दोन शब्दांचा अर्थ पुढे कळत गेला.

सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी वेगळी नाहीत. कुणी ताई ऐन दिवाळीत गावी गेली की मीच ड्युटीला जायचे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मागणी इतकी वाढली, की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून मुली आणून त्यांची राहायची सोय करावी लागली. शहरात आमच्यासारख्या, ताया पुरवणाऱ्या नर्सिंग ब्यूरोंचे फलक गल्लोगल्ली लागले. आम्ही एकमेकांच्या ताया पळवायचो, मीही पळवल्या.

मग त्रिमूर्तीनगरचे आजोबा पडले.

दुपारी तीनची वेळ. कूलर सुरू होता, खिडकीला ओला वाळा. आमची ताई पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली होती आणि तिथेच तिचा डोळा लागला. आजोबा लघवीसाठी एकटेच उठले. मी पोहोचले तेव्हा ते बाथरूमच्या उंबऱ्यात आडवे होते, एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि आखूड दिसणारा. खुब्याचं हाड मोडलंय हे बघताक्षणी कळलं. ताई भिंतीला टेकून थरथरत उभी. तिच्या वहीत दोन वाजता कूस बदलल्याची नोंद होती, अक्षर ओळीखाली घसरत गेलेलं. मी रागावले, तेव्हा तिनं सांगितलं, की रात्री आठ ते सकाळी आठ ती दुसऱ्या एका ब्यूरोची ड्युटी करते. अशा दुहेरी ड्युटीच्या नवव्या दिवशी हे घडलं. मुलाच्या शाळेची फी भरायची होती.

त्या ब्यूरोवाल्यांना मी तावातावानं फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “ताई, मलाही आत्ताच समजतंय की ती दिवसा तुमच्याकडे असते.” दोन मालक एकाच बाईला चोवीस तास राबवत होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता. तिला दोष देऊन मी मोकळी झाले असते. पण बारा तासांच्या ड्युटीत तिचं भागत नव्हतं, आणि तो पगार मीच ठरवला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं भेटलो. मग पाच ब्यूरोवाले, मग अकरा. पहिल्या बैठकीत निम्मा वेळ जुन्या उखाळ्यापाखाळ्यांत गेला. कुणीतरी म्हणालं, सगळ्यांनी मिळून एकच दर लावू. आमच्या सीएंनी तिथेच थांबवलं. स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं 2002 च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. ते बरंच झालं. दरावर जमलो असतो तर दरावरच फुटलो असतो. त्याऐवजी एक पान लिहिलं : कोणतीही ताई चोवीस तासांत बारा तासांहून जास्त काम करणार नाही, मग ब्यूरो कुठलाही असो; नव्या ताईची पोलीस पडताळणी झाल्याशिवाय ड्युटी नाही; आठवड्याची सुट्टी पगारी. सुट्टीच्या मुद्द्यावर दोघं सोडून गेले.

सरकारकडे काय मागायचं, हा प्रश्न त्यानंतरचा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगी आहे, तिच्यासाठी न्यायाधिकरण आहे, जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा असं आहे. घरी जाऊन सेवा देणारे आम्ही त्यात कुठेच नाही. आमच्यातल्या एकाच्या वकील भाच्यानं मग जे दाखवलं त्यानं मला फार लागलं. डिसेंबर 2019 मध्ये याच कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सेवेचे किमान निकष त्यात होते, प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी होता. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, तिथून अहवाल आला, आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित होताच विधेयक व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही समितीला एक ओळ लिहिली नव्हती. रात्रीची ताई आली नाही तर बदली कोण, यातच आमचे दिवस गेले. तेव्हापासून दर महिन्याला आळीपाळीनं एकानं अधिसूचना, शासन निर्णय आणि विधेयकं बघायची, असं ठरलंय.

निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात आम्ही जीएसटी सर्वांत वर ठेवला होता. तक्रार खरी आहे. आयकराची नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमाला माणशी दरमहा 25 हजारांपर्यंतच्या शुल्कावर करमाफी आहे. आमच्याकडची ताई मात्र मनुष्यबळ पुरवठा, म्हणून 18 टक्के. उलाढाल 20 लाखांवर गेली की हा कर शेवटी आजी-आजोबांच्याच पेन्शनमधून जातो. तो मसुदा घेऊन आम्ही एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत गेलो. एक निवृत्त शिक्षिका शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बेटा, हे तुमचं झालं. उद्या तुमच्याच बाईनं माझ्या बांगड्या काढून नेल्या, तर मी कोणाकडे जाऊ, ते यात कुठं आहे?”

कुठंच नव्हतं. आम्ही मसुदा फाडला. नव्यात पहिलं कलम तक्रारीचं : ब्यूरोची नोंदणी जिल्हा पातळीवर व्हावी, आणि ज्येष्ठांची तक्रार ऐकणारा अधिकारी ठरलेला असावा. दुसरं, तायांचं प्रशिक्षण आणि कामाचे तास. जीएसटी शेवटी. त्या बाईंच्या संघानंही खाली सह्या केल्या आणि पत्राचं वजनच बदललं. आधीच्या वर्षी हिवाळी अधिवेशनात आम्ही पाच जण पाच पत्रं घेऊन पाच आमदारांना भेटलो होतो, हाती फक्त पोच आली. या वेळी एकच पत्र, एकच फाइल आणि सोबत काठी टेकत आलेल्या चार आजी. सिव्हिल लाइन्समध्ये दोन तास उभं राहावं लागलं. पण पत्र वाचलं गेलं, आणि पहिल्यांदा आम्हाला कुणी उलटे प्रश्न विचारले : नोंदणी कोणत्या खात्यानं करायची? एका खोलीतून चालणाऱ्या ब्यूरोला हे निकष झेपतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. गावातून आलेल्या एखाद्या बाईनं चार जणींना घेऊन नुकतंच काम सुरू केलं असेल, तर कडक निकषांनी तीच आधी बंद पडेल. म्हणून आता लहान ब्यूरोंसाठी टप्प्याटप्प्यानं नोंदणी कशी करता येईल ते लिहून काढतोय. गुमास्त्यावर माझा रकाना अजून तोच आहे.

दर दुसऱ्या रविवारी माझ्या ऑफिसात सगळ्या ब्यूरोंच्या ताया एकत्र शिकतात. मागच्या वेळी पलंगावरून खुर्चीत बसवण्याचा सराव होता. त्रिमूर्तीनगरची ती ताई आता फक्त दिवसाची ड्युटी करते, पगार वाढवून दिलाय. नव्या मुलींना तीच दाखवत होती : आधी चप्पल घाला, मग दोन्ही पाय जमिनीला टेकलेत का बघा, मिनिटभर तसंच बसू द्या, आणि मगच उठवा.